माफ केलं, असं मी सांगून टाकलं होतं

शुक्रवारी दुपारी आत्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात कुणाच्यातरी पीएचडीचं चौथं प्रकरण टाइप करत होते. औरंगपुऱ्यात डीटीपीचं दुकान आहे, तिथं मी कामाला आहे. लग्नपत्रिका, अर्ज, प्रबंध, जे येईल ते. स्क्रीनवर गंगापूरच्या आत्याचं नाव बघितलं आणि बोटं कीबोर्डवरच थांबली. सहा वर्षांत तिचा मला एकदाही फोन आला नव्हता. कसा येणार? सहा वर्षांपूर्वी मीच तिला सांगितलं होतं, पुन्हा आमच्या घरात पाय ठेवायचा नाय.

"सलाम बेटा," ती म्हणाली. आमच्या ख्रिस्ती घरांत सलामच म्हणतात. "तुझी साक्ष ऐकली मी. अकरा वेळा ऐकली. उद्या येते मी. पाळकसाहेबांशी पण बोलले. परवा प्रभुभोजन आहे ना, आपण दोघी सोबत जाऊ भाकर घ्यायला."

आणि मग फोनवर फक्त तिचं रडणं. मी "बरं" म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? शेजारी झेरॉक्सला उभा असलेला माणूस माझ्याकडं बघत होता, समोर प्रबंधाचं अर्धं वाक्य लटकलेलं. ती साक्ष खोटी होती.

नीट सांगते. साक्ष म्हणजे मंडळीसमोर उभं राहून सांगायचं की देवानं माझ्या आयुष्यात काय केलं. आदल्या रविवारी आमच्या तरुण संघाची उपास-प्रार्थना होती. दुपारचे दोन वाजलेले, पोटात काय नाय, पंखा नुसता आवाज करतोय, आणि पाळकसाहेबांनी विचारलं, कोण देणार साक्ष? कोणी उठेना. मला अशी शांतता सहन होत नाय, शाळेत पण व्हायची नाय. मी उठले. खरंच सांगते, मी एवढंच बोलणार होते की दुकानात काम पक्कं झालं, देवाचे आभार. पण तोंड उघडलं आणि मम्मीचं निघालं. मम्मी कशी गेली, आत्या काय म्हणाली, मी सहा वर्षं कशी जळतेय. पुढच्या बाकावरच्या बाया डोळे पुसायला लागल्या. मागून कोणीतरी हालेलुया म्हणालं. आणि त्या भरात मी म्हणाले, आज मी माझ्या आत्याला माफ करते, प्रभूनं माझं ओझं उचललं.

टाळ्या पडल्या. पाळकीणबाईंनी येऊन मला असं घट्ट धरलं की माझा चष्मा वाकडा झाला.

मला पण ते खरं वाटलं होतं बरं का. चर्चच्या बाहेर येऊन स्कूटीची किल्ली शोधेपर्यंत वाटलं होतं. मग मी मुद्दाम आत्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणून बघितला. पोटात तीच आग. जशीच्या तशी. म्हटलं असू दे, कोणाला कळतंय. पण कोणीतरी माझं बोलणं मोबाइलमध्ये घेतलं होतं, ते मंडळीच्या ग्रुपवर गेलं, तिथून गंगापूरच्या मंडळीच्या ग्रुपवर गेलं, आणि तिथं आत्या होती.

आता आत्याचं सांगते. आत्या पप्पांची मोठी बहीण. पप्पांची आई ते लहान असतानाच गेली, त्यांना आत्यानंच वाढवलं. तिकडं गंगापूरच्या आसपास, वाड्या-वस्त्यांवर कोणी आजारी पडलं की बाया आत्याला बोलवायच्या. ती डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची. लहानपणी मला तिचा लई अभिमान होता. माझ्या मैत्रिणींच्या आत्या नुसत्या लाडू करायच्या, माझी आत्या देवाशी बोलायची!

मम्मीला बीपी होतं. रोजची एक गोळी चालू होती. मी सतरा वर्षांची असताना तिचं डोकं सारखं दुखायला लागलं, तर आत्या एकवीस दिवसांची उपास-प्रार्थना धरून आमच्याकडं राहायला आली. आणि म्हणाली, गोळी सोड. एका हातानं देवाला धरायचं आणि दुसऱ्या हातानं गोळी, असं चालत नाय. मम्मी हो म्हणाली. विसाव्या दिवशी सकाळी मम्मी मोरीत कपडे पिळता पिळता खाली बसली आणि मग उठलीच नाय. दवाखान्यात दोन दिवस होती. डोक्यात रक्तस्राव झाला म्हणाले.

दफन करून आम्ही घरी आलो. घर माणसांनी भरलेलं. आत्या भिंतीला टेकून बसली होती आणि ती म्हणाली, "कोणाचा तरी विश्वास कमी पडला."

मी किंचाळले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाय, शेवटचं तेवढं आठवतं, पुन्हा ह्या घरात पाय ठेवायचा नाय. पप्पा खाली मान घालून बसले होते. एक शब्द बोलले नायत, ना तिच्या बाजूनं, ना माझ्या. आत्यानं पिशवी उचलली आणि गेली. त्यानंतर पप्पा कधीतरी गंगापूरला जाऊन तिला भेटून यायचे. मला सांगायचे नायत, पण तिच्या हातचं लिंबाचं लोणचं घरात दिसलं की मला कळायचं. मी त्याला हात लावायची नाय.

आमच्या चर्चमध्ये एक पद्धत आहे, गावाकडच्या जुन्या मंडळीतून आलेली. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी वेदीपाशी भाकरीचा तुकडा घ्यायचा. त्याच्या आधी पाळकसाहेब थांबतात आणि म्हणतात, कोणाच्या मनात कोणाबद्दल काही असेल तर आधी सलाम करून घ्या. मग लोक उठतात, एका बाकावरून दुसऱ्या बाकावर जातात, हात हातात घेतात. सासवा-सुना, पार्किंगवरून भांडलेले शेजारी, सगळे. ज्याचं मन साफ होत नाय त्यानं बाकावरच बसायचं. वेदीपाशी जाऊन गुडघे टेकायचे नायत. मनात विष ठेवून ती भाकर खायची नाय, हे आम्हाला लहानपणापासून असं शिकवलंय की नुसत्या विचारानं अंगावर काटा येतो. मी सहा वर्षं बाकावर बसत होते. आणि कोण बसलं हे बाया बरोबर मोजतात. "काय गं, आज पण नाय गेलीस? बरं नाय का?" दर महिन्याला कोणीतरी विचारायचंच.

म्हणजे परवा माझ्यापुढं दोनच रस्ते होते. एक, आत्याच्या शेजारी गुडघे टेकून, मनात आग ठेवून, खोटेपणानं भाकर घ्यायची. दोन, खरं सांगायचं, म्हणजे आत्याला पुन्हा हाकलल्यासारखं. आणि पप्पांचं काय?

पप्पांना संध्याकाळी सांगितलं तर ते उठलेच. स्टूल घेतलं आणि हॉलमधला पंखा पुसायला लागले. मग पडदे काढले. मग म्हणाले, "तिला वांग्याची भाजी आवडते, बारीक वांग्यांची. सकाळी बघतो मंडईत." मी गेल्या कित्येक वर्षांत पप्पांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं. ते स्टुलावर उभे राहून भजन गुणगुणत होते आणि मी किचनमध्ये कणीक मळत होते, इतकी मळली, इतकी मळली की ती परातीला चिकटून बसली.

शनिवारी मी अर्धी सुट्टी घेतली. गंगापूरच्या जीपा नगर नाक्यावर थांबतात. जीपमधून आठ-दहा माणसं उतरली आणि सगळ्यांत शेवटी आत्या. मी तिला ओळखलंच नाय पहिल्यांदा. केवढी होती ती! आमच्या दारातून आत यायची तेव्हा दार भरायचं. आता ही एक वाळकी म्हातारी, एका हातात पिशवी, एक हात जीपच्या दारावर, पाय खाली टेकेना.

"अगं धर की!" ती म्हणाली. "बघत काय राहिलीस, लग्नाला बघायला आलीस का मला?"

मी धरलं. तिनं माझा हात सोडलाच नाय. रिक्षात बसलो तरी तिचा हात माझ्या हातावर. रिक्षावाल्यानं आरशातून बघून विचारलं, "अम्मा कहाँ से?"

"गंगापूरसे. भतीजी है मेरी. लई गुणाची है."

"मालूम पड़ता, अम्मा. मुँह फुगाके बैठी है, पर हाथ नहीं छोड़ रही."

आत्या हसली. हात मी नाय, तिनं धरला होता, पण हे त्याला कोण सांगणार. मी बाहेर बघत बसले. रस्ताभर मी एकच वाक्य तयार करत होते. आत्या, मी खोटं बोलले. आत्या, ते जे मी बोलले ना. आत्या, ऐक. दर सिग्नलला म्हणायचे, आता सांगते, आणि सिग्नल सुटायचा.

घरी पप्पा दारात उभे. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. आत्या उंबऱ्याशी थांबली आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "येऊ ना?"

बघा आता. ती मला विचारत होती. सतराव्या वर्षी ओरडले होते मी, आणि तिनं ते हुकूम असल्यासारखं पाळलं होतं. "ये की," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच परका वाटला.

जेवण झालं. वांग्याच्या भाजीत पप्पांनी मीठ दोनदा टाकलं होतं. आत्या म्हणाली, "लहानपणी पण असाच होता हा, एकदा तर चहात मीठ टाकलं होतं यानं." पप्पा लाजले. त्यांना असं लाजताना मी कधी बघितलं नव्हतं. म्हटलं, नको सांगायला. उद्या जायचं, गुडघे टेकायचे, डोळे मिटायचे, भाकर गिळायची. देव काय लगेच वीज पाडणार आहे का? पप्पांसाठी एवढं करू शकत नाय का मी? मी जवळजवळ ठरवलं होतं.

भांडी घेऊन किचनमध्ये गेले तर आत्या मोरीपाशी पाठमोरी उभी. पदराआड काहीतरी करत होती. पाण्याचा ग्लास, मान मागं, गटकन गिळणं.

"काय घेतलंस?"

ती दचकली. "काय नाय गं. गॅसची गोळी."

मी तिच्या मुठीतली पट्टी ओढून घेतली. आत्ता विचार केला तर मला लाज वाटते, म्हाताऱ्या माणसाच्या हातातून असं ओढायचं म्हणजे. पण ओढली. आणि नाव वाचलं. तीच गोळी. मम्मीची. तीच कंपनी, तोच फिका गुलाबी रंग. ते नाव मी झोपेत पण सांगू शकते.

"बीपीची गोळी खातेस तू?"

तिनं ग्लास ओट्यावर ठेवला.

"कधीपासून?"

"हळू बोल, तो ऐकेल."

"ऐकू दे! कधीपासून खातेस?"

"तुझी मम्मी गेली," ती म्हणाली, "त्याच्या दुसऱ्या महिन्यापासून. मला चक्कर आली, गावातल्या डॉक्टरनं सांगितलं. मी भ्याले गं. लई भ्याले. कोणाला सांगितलं नाय."

"म्हणजे तिनं खायची नाय. आणि तू खायची."

"व्हय," ती म्हणाली. एवढंच. व्हय.

मला वाटलं ती काहीतरी कारण सांगेल, देवाचं नाव घेईल, मग मला तोडून बोलता येईल. ती नुसती व्हय म्हणाली. मग म्हणाली, "त्यानंतर मी कोणाच्या डोक्यावर हात ठेवला नाय. बाया बोलवायला येतात. मी म्हणते गुडघे दुखतात. पण तू माफ केलंस ना मला. तू बोललीस ना सगळ्यांसमोर."

"नाय केलं."

"आं?"

"नाय केलं माफ. खोटं बोलले मी. भरात बोलून गेले. तुझं तोंड बघितलं की अजून माझं डोकं फिरतं."

आत्या ओट्याला धरून खाली बसली. तिथंच, फरशीवर. आणि किचनच्या दारात पप्पा. किती वेळ उभे होते देव जाणे. हातात पानाचा डबा होता, आत्यासाठी आणलेला.

"बरोबर आहे तिचं," आत्या पप्पांकडं बघून म्हणाली. "मीच मारलं रे. मी म्हणाले सोड, आणि त्या माऊलीनं त्या दिवसापासून एक गोळी तोंडात घातली नाय. माझ्या शब्दावर."

इथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. फक्त गप्प. सहा वर्षं मला हेच ऐकायचं होतं आणि आता ती स्वतःच्या तोंडानं म्हणत होती, साक्षीला पप्पा उभे होते. तिनं सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं, माझा वाटा सुद्धा. माझा वाटा आहे हे तिला माहीतच नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं. मी चर्चमध्ये एवढं रडले, एवढं बोलले, त्यात पण ते नव्हतं.

मी मनात म्हणाले, प्रभू, मला बोलायचं नाय. ही माझी प्रार्थना होती, शब्दाशब्दानं हीच. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाला काहीतरी खरं बोलले असेन. आणि ते बोलले त्याच क्षणी मला कळलं की मी बोलणार आहे.

"ती घेत होती," मी म्हणाले.

दोघांनी माझ्याकडं बघितलं.

"तू सांगितल्यावर पण घेत होती. लपून. तांदळाच्या डब्यात पट्टी ठेवायची. आठव्या दिवशी मला सापडली. मी तिच्याशी भांडले. म्हणाले, मग आम्ही उपास कशाला करतोय? तुझा विश्वासच नाय का? ती हसली. म्हणाली, बरं बाई, टाकून दे, तुझ्या विश्वासावर. मी टाकली. सकाळी कचऱ्याच्या घंटागाडीत टाकली. आत्या, तुझं ऐकून नाय सोडली तिनं. माझं ऐकून सोडली."

मिक्सरखाली पाणी सांडलं होतं, ते थेंब थेंब खाली पडत होतं.

मग पप्पा बोलले, लई हळू. "कुठल्या डब्यात?"

"तांदळाच्या."

"मी त्या डब्यात पण बघितलं होतं," पप्पा म्हणाले. "दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, गोळी कोणती चालू होती, पट्टी आणा. मी घरी येऊन सगळं घर उलथं केलं. मीच तिला म्हणालो होतो, ताईला कळू देऊ नको पण गोळी चालू ठेव. मीच आणून द्यायचो. पट्टी नाय म्हटल्यावर मला वाटलं संपली. संपली आणि मी आणायची विसरलो." त्यांनी पानाचा डबा फ्रिजवर ठेवला. "सहा वर्षं मला वाटतंय मी विसरलो."

मी "पप्पा" म्हणाले.

"सहा वर्षं," ते म्हणाले, ह्या वेळी मोठ्यानं. "तुला एकदा सांगता आलं नाय? एवढं बडबडतेस दिवसभर!"

आणि चपला घालून निघून गेले.

आता कळलं ना, ते दफनाच्या दिवशी मान खाली घालून का बसले होते. मला वाटायचं पप्पा बहिणीला घाबरतात. ते कोणाच्याच बाजूनं बोलू शकत नव्हते, कारण त्यांना वाटत होतं गुन्हेगार तेच. आणि मी ते त्यांच्या खांद्यावर ठेवलं होतं, मला माहीत नसताना, पण मीच.

आत्या अजून फरशीवर होती. मी तिच्या शेजारी बसले. दुसरीकडं बसायची हिंमतच नव्हती. ती म्हणाली, "सतरा वर्षांचं लेकरू तू. तुला ते वेड मीच लावलं."

"तू नको घेऊ आता अंगावर," मी म्हणाले. "तुझं तुझ्याजवळ लई आहे."

ती चक्क हसली. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी आणि हसू. "व्हय, लई आहे," ती म्हणाली. मी तिची पट्टी तिच्या पिशवीत परत ठेवली. आग शोधली पोटात. होती, पण त्या आगीचं तोंड आता आत्याकडं नव्हतं.

पप्पा दिवेलागणीला आले. जेवले नायत. माझ्याशी बोलले नायत. सकाळी चहा मी दिला तो त्यांनी घेतला, पण माझ्याकडं न बघता.

रविवारी मी उपासनेच्या आधी अर्धा तास जाऊन पाळकसाहेबांना गाठलं. ते हातमोजे घालून चर्चच्या मागं जाळी लावत होते, कबुतरांचा लई त्रास आहे तिथं. मी एका दमात सांगून टाकलं, साक्ष खोटी होती, गोळी मी टाकली, पप्पा बोलत नायत, आज मी वेदीपाशी येणार नाय. ते जाळीची तार दातात धरून ऐकत होते. तार काढून म्हणाले, "आत्याला आता खरं काय म्हणायचंय तुला?"

"माहीत नाय. राग कमी झालाय. माफ केलं का ते माहीत नाय."

"आणि पप्पांनी तुला केलं?"

"नाय."

"त्यांना वेळ लागेल. लागू दे. तू आपलं रोज प्रभूला सांगत जा, मला जमत नाय म्हणून. पण अगं, ग्रुपवर पुन्हा काही जाऊ देऊ नको आता. जरा दम धर."

मी बाकावर बसले. एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूला पप्पा. गाणी झाली, पाळकसाहेबांचा संदेश झाला. संदेशातलं मला एक अक्षर आठवत नाय. मग पाळकसाहेब थांबले आणि म्हणाले, कोणाच्या मनात काही असेल तर सलाम करून घ्या.

लोक उठले. हात, आवाज, बांगड्या, सलाम सलाम. आमच्या बाकावर कोणी हललं नाय. समोरच्या बाईनं मान वळवून बघितलं, मग तिच्या शेजारणीनं. त्यांना माहीतच होतं ना, गेल्या आठवड्यात मीच रडून सांगितलेलं! त्या वाट बघत होत्या, आता दोघी गळ्यात पडतील. मी आत्याकडं वळले. म्हणाले, "आत्या, मी माफ केलं असं नाय म्हणत. पण सलाम."

"सलाम," ती म्हणाली. तिचा हात थंडगार होता.

मग मी पप्पांकडं वळले, आणि हात पुढं करायचं धाडस झालं नाय. माफी मागायची असते तेव्हा हात पुढं करणं किती अवघड असतं हे मला सहा वर्षांत एकदाही कळलं नव्हतं, कारण मी कायम माफी द्यायच्या बाजूला बसलेली. हात मांडीवरच उलटा ठेवला, तळवा वर. "पप्पा, मी चुकले. मी तुम्हाला सांगायला पाहिजे होतं." एवढं बोलले आणि बघत बसले त्या माझ्याच रिकाम्या हाताकडं.

पहिली रांग वेदीपाशी गेली, आली. दुसरी गेली. आमची पाळी आली. बाकावरचे बाकीचे आमच्या गुडघ्यांपुढून वाट काढत गेले. पप्पा हलले नायत. आत्या पण हलली नाय. शेवटची रांग गुडघ्यांवरून उठली. पाळकसाहेब ताट हातात घेऊन उभे होते. त्यांनी अजून ताटावर कापड झाकलं नाय. ते कुठंच बघत नव्हते, नुसते उभे होते.

पप्पांनी घसा खाकरला. माझ्या हातावर हात ठेवला नाय. माझं मनगट धरलं, लहानपणी रस्ता क्रॉस करताना धरायचे तसं, दुखेल इतकं घट्ट.

"ऊठ," ते म्हणाले. "मी अजून चिडलोय. पण ऊठ."

"पप्पा, चिडून कसं..."

"गप. चिडलोय, सोडलं नाय तुला. ताई, तू पण ऊठ."

आम्ही तिघं गेलो. सगळं चर्च बघत होतं, बघू दे. आत्याचे गुडघे खरंच वाकत नव्हते, तेवढं तरी ती बायांना खोटं सांगत नव्हती. पप्पांनी एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या बाजूनं, आणि आम्ही तिला हळूहळू खाली टेकवलं.

पाळकसाहेब आले. मी दोन्ही हात पुढं केले आणि त्यांनी भाकरीचा तुकडा तळव्यावर ठेवला. सहा वर्षांनी. माझ्या शेजारी पप्पा हुंदके देत होते, आवाज दाबून, खांदे हलत होते. मी तुकडा तोंडात ठेवला. तो लगेच गिळला गेला नाय, मी तो तसाच धरून बसले, विरघळेपर्यंत.